मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एक, वेळा अनेक

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब आहे, असे विचारले तर कोणी सांगते, साडेबारा हजार किलोमीटर. कोणी सांगते, पंधरा-सोळा तास. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण त्यांची जात वेगळी. किलोमीटरचे उत्तर भूमितीचे आहे. ते १९६० सालीही तेवढेच होते आणि उद्याही तेवढेच राहील. तासांचे उत्तर मात्र वाऱ्यावर, ऋतूवर, विमानाच्या वजनावर आणि वाटेतल्या देशांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधांवर ठरते. आज न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीत लेक-जावई किंवा मुलगा-सून नाहीत असे नातेवाइकांचे वर्तुळ महाराष्ट्रातल्या शहरांत शोधावे लागेल. तेव्हा हा आकडा नेमका तयार कसा होतो, ते एकदा सावकाश पाहून घेऊ.

सुरुवात अंतरापासून. दोन शहरांमधले अंतर म्हणजे कुठून कुठपर्यंतचे? दादरहून की अंधेरीहून? विमानवाहतुकीत हा प्रश्न सोडवून ठेवलेला आहे. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ साधारण १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व येथे आहे. न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ, म्हणजे जेएफके, ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम येथे. गंमत पाहा, ग्रिनिचच्या रेषेपासून दोन्ही विमानतळ जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दोन्ही रेखांशांची बेरीज १४६.६५ अंश. हा आकडा लक्षात ठेवा, घड्याळाच्या हिशेबात तो पुन्हा लागणार आहे.

आता भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडा. रेघ अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को असे करत ॲटलांटिक ओलांडते. शाळेतल्या बहुतेक नकाशांवर अशीच रेघ निघेल आणि ती सरळ दिसेल. पण ती सर्वांत जवळची वाट नाही. गेरार्ड मर्केटरने १५६९ साली ज्या पद्धतीने नकाशा आखला, तीत होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट सरळ रेघ म्हणून दिसते. जहाजांसाठी ती मोठी सोय होती. त्या बदल्यात ध्रुवांकडचा प्रदेश ताणून मोठा दाखवावा लागला. म्हणून त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढा भासतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. मुंबईहून एकच दिशा धरून न्यूयॉर्कला जायचे म्हटले, तर १४,२०० किलोमीटर पडतात.

जवळची वाट शोधायला पृथ्वीगोल हवा. शाळेत असतो तसा ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरा, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. मोजला तर साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे जवळपास गोलाच्या व्यासाएवढा. हा ताणलेला दोरा ज्या वर्तुळाचा तुकडा आहे, त्याला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारे वर्तुळ ते बृहद्‌वृत्त. विषुववृत्त हे त्याचे आपल्याला शाळेपासून माहीत असलेले उदाहरण. गोलावरच्या कोणत्याही दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट अशाच एखाद्या वर्तुळावरून जाते.

हिशेब करायचा तर पृथ्वीच्या केंद्रातून दोन रेषा काढल्याची कल्पना करा, एक मुंबईकडे जाणारी आणि दुसरी न्यूयॉर्ककडे. अक्षांश-रेखांश माहीत असले की गोलीय त्रिकोणमितीच्या एका सूत्राने त्यांच्यातला कोन मिळतो. इथे तो ११२.७ अंश येतो. पृथ्वीचा संपूर्ण परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याचे ३६० भाग केले की एका अंशाला १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की साधारण १२,५३० किलोमीटर. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत सांगतील : सुमारे ६,७६०. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग जवळजवळ एवढाच भरतो. म्हणूनच आकाशातही हे समुद्रावरचे माप टिकून आहे.

वेगवेगळ्या ठिकाणी हा आकडा दहा-वीस किलोमीटरनी वेगळा दिसला तर गोंधळू नका. पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाकडे ६,३५७. कोणी हिशेबाला सरासरी गोल घेतो, कोणी चपटेपणा धरतो. चपट्या पृथ्वीसाठीची जी सूत्रे आज सर्रास वापरात आहेत, ती थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली मांडली. प्रवाशाच्या दृष्टीने या फरकाची किंमत एक-दीड मिनिट.

त्या ताणलेल्या दोऱ्याखाली काय काय येते, ते पाहण्यासारखे आहे. मुंबईहून निघताना त्याची दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे जेमतेम २७ अंश कललेली असते. अमेरिका पश्चिमेला, आणि विमानाने निघायचे जवळजवळ उत्तरेला. कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, मग मॉस्कोच्या अगदी शेजारून, पुढे फिनलंडचा दक्षिण भाग, नॉर्वेतले ट्रॉनहाइम. आइसलँडच्या अलीकडे तो ६४.७ अंश उत्तरेला पोचतो. हा त्याचा सर्वांत उत्तरेचा बिंदू, आणि खऱ्या अर्थाने पश्चिमेकडे तोंड असते ते फक्त तिथेच. तिथून वाट खाली वळते : आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या लगत, कॅनडातले लाब्राडोर, अमेरिकेतले मेन राज्य, आणि न्यूयॉर्क. शेवटी विमान उत्तर-ईशान्येकडून खाली उतरत असते. विमानातल्या पडद्यावर ही वाट वर फुगलेल्या कमानीसारखी दिसते आणि लांबचा फेरा घेतल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या कमानीने पट्टीच्या रेघेपेक्षा सुमारे १,६७० किलोमीटर वाचवलेले असतात.

आता वेळ. बोइंग ७७७ सारखे विमान उंचावर ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पट वेगाने जाते. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली ५५ अंशांच्या आसपास असते. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होतो, म्हणून हा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या जवळ भरतो. प्रत्यक्ष मार्ग भूमितीच्या रेषेपेक्षा थोडा लांबच असतो, तेव्हा सोयीसाठी १२,६०० किलोमीटर धरू. ९०० ने भागले की बरोबर चौदा तास.

मग जाताना पंधराहून जास्त आणि येताना चौदाच्या आत असे का होते? बऱ्याच जणांना यामागे पृथ्वीचे फिरणे दिसते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क स्वतःच आपल्याकडे यायला हवे, असा प्रश्न मुले विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते आहे. पण तिच्याबरोबर हवाही फिरते आणि धावपट्टीवर उभे असलेले विमानही. धावत्या लोकलमध्ये चेंडू वर उडवला तर तो मागच्या डब्यात पडत नाही, हातातच येतो. तसेच हे. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासाच्या वेळेवर थेट परिणाम होत नाही. आडून मात्र होतो, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात ते या फिरण्यामुळेच.

विषुववृत्तापाशी तापलेली हवा वर जाऊन ध्रुवांकडे निघते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ती वाटेत पूर्वेकडे वळते. उबदार आणि थंड हवेच्या सीमेवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, तिचे अरुंद आणि अतिशय वेगवान पट्टे तयार होतात. हे जेट प्रवाह. हिवाळ्यात उत्तर आणि दक्षिण भागांतल्या तापमानाची तफावत वाढते, तेव्हा यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाने वाचावे म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो भाषेत काढला, आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची उंच उडणारी बॉम्बफेकी विमाने जपानवर गेली, तेव्हा वैमानिकांना या वाऱ्यांचा जोर स्वतः अनुभवावा लागला. ओइशींच्या कामाची आठवण ठेवायला हवी, असे मला मनापासून वाटते. रोज हजारो विमाने त्यांनी मोजलेल्या वाऱ्यांचा हिशेब धरून उडतात.

वाऱ्याचे गणित साधे आहे. सगळ्या वाटेवर मिळून समोरून सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा लागला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ८४०. १२,६०० भागिले ८४०, म्हणजे पंधरा तास. परत येताना तोच वारा पाठीशी असला की वेग ९६० होतो आणि वेळ लागतो तेरा तास सात मिनिटे. एवढ्या बेताच्या वाऱ्याने जाण्या-येण्यात जवळजवळ दोन तासांचा फरक पाडला. आणखी एक गोष्ट बघा. दोन्ही वेळांची बेरीज अठ्ठावीस तास सात मिनिटे होते, वारा नसता तर अठ्ठावीस झाली असती. जाताना गमावलेले सगळे परत येताना मिळत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. हेच दुसऱ्या बाजूने सांगता येईल. जाताना विमानाने हवेतून १३,५०० किलोमीटर कापलेले असतात, येताना केवळ ११,८००. इंजिनाला जमिनीवरचे किलोमीटर ठाऊक नसतात. इंधन जळते ते हवेतल्या अंतराचे.

पाठीचा वारा किती देऊ शकतो, याचे एक गाजलेले उदाहरण ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्रीचे आहे. वादळाने जोर चढलेल्या जेट प्रवाहात ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचले. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या आसपास गेला होता. जमिनीवरून पाहता हा ध्वनीपेक्षा जास्त वेग, पण भोवतालच्या हवेच्या मानाने विमान नेहमीच्याच वेगाने जात होते.

म्हणून उड्डाणाचा मार्ग ठरवणारे लोक गोलावरच्या दोऱ्याला बांधलेले नसतात. उड्डाणाच्या काही तास आधी वाऱ्यांचा अंदाज घेऊन ते सर्वांत कमी वेळाची आणि कमी इंधनाची वाट काढतात. ती किलोमीटरने लांबही असू शकते. ॲटलांटिकवर तर दिवसातून दोनदा वाटांचे नवे जाळे आखले जाते, एक पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि एक पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी. पूर्वेकडचे जाळे शक्यतो जेट प्रवाहाच्या आत ठेवतात, पश्चिमेकडचे त्याला चुकवून. स्कॉटलंडमधून आणि कॅनडातल्या गँडरमधून या वाटांवर नियंत्रण ठेवले जाते. दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक बंधन असते : एक इंजिन बंद पडले तरी ठरलेल्या मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात हवा. आइसलँडचे केफ्लाविक, कॅनडातली गँडर आणि गूज बे ही नावे म्हणूनच या उड्डाणांच्या कागदपत्रांत असतात. प्रवाशाला ती कधी कळतही नाहीत.

वजनाचाही यात मोठा हात आहे. ७७७-३००ईआर या विमानाच्या टाक्यांत १,८१,००० लिटरहून अधिक इंधन मावते, म्हणजे सुमारे १४५ टन. इतके भरलेले विमान सुरुवातीला फार उंच जाऊ शकत नाही. पहिले काही तास ते त्यातल्या त्यात खालच्या पातळीवर राहते. ताशी सात-आठ टन इंधन जळून ते हलके होते, तसतसे टप्प्याटप्प्याने वर चढते. पडद्यावरचा उंचीचा आकडा रात्रीतून दोन-तीनदा वाढलेला दिसतो, तो यामुळे. वाट लांबली तर इंधन जास्त लागते. ते जास्तीचे इंधन वाहून न्यायला पुन्हा इंधन लागते. एका मर्यादेनंतर प्रवासी किंवा सामान कमी करावे लागते, नाहीतर वाटेत उतरून टाक्या भराव्या लागतात.

इथे राजकारणाचा प्रश्न येतो. त्या दोऱ्याखालचे देश पुन्हा एकदा आठवा : पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. २०१९ मध्ये भारताच्या बालाकोटवरील हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपल्या हवाई हद्दीतून जाण्यावर निर्बंध ठेवले. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जाणे बंद झाले आणि मार्चमध्ये युनायटेड या कंपनीने न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्क विमानतळाहून होणारी नेवार्क-मुंबई उड्डाणे थांबवली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द पुन्हा बंद केली.

पाकिस्तान टाळल्यावर मुंबईच्या विमानाचे किती अंतर वाढते, याचा ढोबळ अंदाज आपणही काढू शकतो. मुंबई ते मस्कत सुमारे १,५७० किलोमीटर, मस्कत ते अंकारा २,९९५, अंकारा ते लंडन २,८४०, लंडन ते न्यूयॉर्क ५,५४०. बेरीज १२,९५० च्या आसपास. म्हणजे भूमितीच्या रेषेपेक्षा फक्त चारशे-सव्वाचारशे किलोमीटर जास्त, अर्ध्या तासाचा प्रश्न. इतक्या लांबच्या प्रवासात वाट मधे थोडी बाजूला गेली तरी एकूण लांबी फारशी वाढत नाही, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. दुबईमार्गेही हेच. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,०२०, म्हणजे पुन्हा १२,९५०.

दिल्लीचे मात्र वेगळे. दिल्ली ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे ११,७५५ किलोमीटर, मुंबईपेक्षा पावणेआठशेने कमी. पण पाकिस्तान बंद झाला की दिल्लीच्या विमानाला आधी दक्षिणेला गुजरातपर्यंत यावे लागते आणि तिथून समुद्रावर जावे लागते. अहमदाबाद, मस्कत, अंकारा, लंडन या बिंदूंवरून बेरीज केली तर १३,६०० च्या जवळ जाते. अठराशे किलोमीटरची भर. जी राजधानी अमेरिकेला मुंबईपेक्षा जवळ होती, ती एका आदेशाने मुंबईपेक्षा लांब झाली. त्या काळात दिल्लीहून अमेरिकेला निघालेली काही विमाने व्हिएन्नात इंधन भरून पुढे गेली, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली. त्यामागे विमानांच्या नूतनीकरणाबरोबर पाकिस्तानची बंद हद्द हेही कारण होते.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. विमानांचा वेग गेल्या साठ-पासष्ट वर्षांत वाढलेला नाही. एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ विमानांनी लंडनमार्गे सुरू झाली. तेव्हाचे ते जेटही आजच्या विमानांइतक्याच वेगाने उडत होते. बदलला तो पल्ला. न थांबता एवढे अंतर जाणारी ७७७-२००एलआर विमाने आल्यावर २००७ साली एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क थेट उड्डाण सुरू केले. वाचला तो वेळ मधल्या थांब्यांचा.

तिकिटावर छापलेली वेळ हवेतल्या वेळेपेक्षा जास्त असते. विमान दाराशी उभे असते तिथून हलल्यापासून पलीकडे दाराशी थांबेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीकडे जाणे, तिथली रांग, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, न्यूयॉर्कवर सकाळी होणारी गर्दी, हे सारे त्यात आले. म्हणून चौदा तासांच्या गणिताचे जाताना साडेपंधरा होतात, तर येताना साडेतेरा-चौदा.

आणि मग घड्याळे. रेखांशांतला १४६.६५ अंशांचा फरक आठवा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने मुंबई न्यूयॉर्कच्या ९ तास ४७ मिनिटे पुढे. घड्याळात मात्र हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक दिसतो. कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे, मुंबईच्या सूर्यापेक्षा ती ३९ मिनिटे पुढे चालते. मुंबईत पूर्वी स्थानिक बॉम्बे टाइम पाळत, तो नेमका एवढाच मागे होता आणि १९५५ पर्यंत टिकला. न्यूयॉर्कची वेळ ७५ अंश पश्चिमेची, तिथल्या सूर्यापेक्षा सुमारे पाच मिनिटे मागे. ३९ आणि ५ मिळवा, हिशेब जुळतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिका घड्याळ तासभर पुढे करते, तेव्हा फरक साडेनऊ तासांवर येतो.

हे उदाहरणाने पाहू. समजा विमान जानेवारीत रात्री २ वाजता मुंबईहून निघाले आणि साडेपंधरा तास लागले. पोचताना मुंबईत संध्याकाळचे साडेपाच. त्यातून साडेदहा वजा केले की न्यूयॉर्कमध्ये सकाळचे सात, तारीख तीच. घड्याळाप्रमाणे प्रवास पाच तासांचा. या संपूर्ण प्रवासात बाहेर अंधारच असतो. ६५ अंश उत्तरेजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा वेग ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास असतो आणि विमान त्यापेक्षा वेगाने पश्चिमेकडे जाते, त्यामुळे मागून येणारी पहाट त्याला गाठू शकत नाही. परतीला न्यूयॉर्कहून सकाळी ११ ला निघालात आणि साडेतेरा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळचे ११ वाजलेले असतात. कॅलेंडरचा एक पूर्ण दिवस गेला, शरीराने मात्र तो साडेतेरा तासांतच काढला. जाग आणि झोप यांची घडी विस्कटते ती यामुळे, आणि पूर्वेकडे येताना तिचा त्रास बहुतेकांना जास्त होतो, कारण शरीराचे घड्याळ पुढे ढकलणे मागे ओढण्यापेक्षा अवघड जाते.

समोरच्या पडद्यावर नकाशाचे पान उघडा. तिथे उरलेले अंतर, जमिनीच्या हिशेबाचा वेग आणि समोरचा किंवा पाठीचा वारा असे आकडे येतात. उरलेल्या अंतराला वेगाने भागा. उतरण्याच्या फेरीसाठी दहा-पंधरा मिनिटे वाढवा. तुमचे उत्तर विमानाच्या उत्तराच्या अगदी जवळ येईल. शाळकरी नातवंड बरोबर असेल तर त्याच्याकडून हा भागाकार जरूर करून घ्या.

पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेल्या ज्येष्ठांना आणि त्यांची तिकिटे काढणाऱ्या मुलांना थोडे सांगायचे आहे. एका थांब्याचे तिकीट घेताना अंतराची काळजी करू नका, ते फारसे वाढत नाही. वेळ जातो तो मधल्या विमानतळावर बसण्यात, म्हणून तिकिटावरचा एकूण प्रवासाचा आकडा वाचा. इन्शुलिन किंवा ठरावीक तासांनी घ्यायची औषधे असतील, तर कोणत्या घड्याळाने घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. नेवार्क आणि जेएफके हे दोन्ही विमानतळ तिकिटावर न्यूयॉर्क म्हणून दिसू शकतात, पण त्यांच्यात सरळ रेषेत ३३ किलोमीटर अंतर आहे आणि मधे सगळे शहर. तेव्हा घ्यायला येणाऱ्याला कळवताना वेळेबरोबर तिथली तारीख आणि विमानतळाचे नाव दोन्ही लिहा.